एडवर्ड गेला ते बरंच झालं

‘न्यू मून’मधली सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे एडवर्ड कलन लवकर निघून जातो. भाचीला हे वाक्य अजिबात पटलेलं नाही. तिच्या मते मावशीला प्रेमातलं काही कळत नाही. असू दे.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: स्टेफनी मेयरची ‘ट्वायलाइट’ आली २००५ साली, तिचा हा दुसरा भाग २००६चा. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातलं फोर्क्स हे सदा पावसात भिजलेलं गाव, तिथे बापाकडे राहायला आलेली बेला आणि १९१८च्या साथीत मरता मरता व्हॅम्पायर झालेला, तेव्हापासून सतरा वर्षांचाच राहिलेला एडवर्ड. पहिल्या पुस्तकाची निम्मी ताकद नियम समजावण्यात जाते. ही माणसं खातात काय, उन्हात का जात नाहीत, वगैरे. दुसऱ्याला ते ओझं नाही. दुसरा भाग आवडण्याचं माझं मुख्य कारण हेच. जग मांडून झालेलं असतं, आता त्यातल्या माणसांचं काय होतं ते बघायचं.

होतं असं की अठराव्या वाढदिवसाला भेटवस्तूचा कागद फाडताना बेलाचं बोट कापतं. एक थेंब रक्त. एडवर्डच्या घरात सगळे व्हॅम्पायर, त्यातला एक तिच्यावर झेपावतो. मग ‘तुझ्या भल्यासाठी’ म्हणत एडवर्ड तिला जंगलात सोडून, कुटुंबासकट गाव सोडून जातो. (तुझ्या भल्यासाठी! हे वाक्य ऐकून कोणाचं भलं झालंय?)

आणि मग ती पानं येतात. एका पानावर फक्त ‘ऑक्टोबर’. बाकी कोरं. उलटलं की ‘नोव्हेंबर’. मग ‘डिसेंबर’, ‘जानेवारी’. संपलं. चार महिने मुलगी जगली, पण सांगण्यासारखं काही घडलंच नाही. मी पुन्हा मागे जाऊन ती पानं उलटून पाहिली. मेयरबाईंची भाषा काही फार थोर नाही, विशेषणांची तर रेलचेल आहे, पण इथे त्यांनी एक शब्दही खर्च केला नाही आणि तेच सगळ्यात जास्त लागलं. सतरा-अठराच्या पोरीचं दुःख आपण ‘वय आहे, होईल ठीक’ म्हणून उडवून लावतो. हे पुस्तक उडवत नाही.

चार्ली, म्हणजे बेलाचा बाप, गावचा पोलीसप्रमुख. रात्री पोरगी झोपेत किंचाळते आणि याला काय बोलावं सुचत नाही. शेवटी म्हणतो, तुला आईकडे पाठवतो. हा बाप मला ओळखीचा वाटला. आपल्याकडचे पुष्कळ बाप असेच, माया पोटभर आणि शब्द नाहीत.

पुस्तकाचा जीव मात्र जेकबच्या, म्हणजे बेलाच्या शेजारच्या वस्तीतल्या मित्राच्या, गॅरेजमध्ये आहे. बेला दोन मोडक्या मोटरसायकली आणते आणि जेकब त्या दुरुस्त करायला घेतो. भंगारात पार्ट शोधायचे, ग्रीसने हात बरबटवायचे, कोमट सोडा प्यायचा आणि तासन्‌तास बोलायचं. नाना पेठेत स्पेअर पार्टसाठी हिंडलेल्या कोणालाही ही प्रकरणं वाचताना घरच्यासारखं वाटेल. त्यात भूत नाही, चमत्कार नाही. पोरगी पहिल्यांदा हसते, एवढंच. व्हॅम्पायरच्या पुस्तकात मला आवडलेली प्रकरणं बिनव्हॅम्पायरची निघाली.

खटकलं तेही सांगते. धोका पत्करला की तिला एडवर्डचा आवाज ऐकू येतो, म्हणून ती मुद्दाम धोका शोधते, थेट कड्यावरून समुद्रात उडी मारण्यापर्यंत. भाची म्हणाली, “किती रोमँटिक!” मी म्हटलं, तुझ्या मैत्रिणीने असं केलं तर तू काय करशील? यावर बराच वेळ वाद झाला, आणि अकरावीतल्या मुलीशी तासभर गंभीर बोलायला मिळालं ते या पुस्तकामुळेच. एडवर्डला वाचवायला बेला इटलीत व्होल्टेराला जाते, तो शेवट धावपळीचा आहे. व्होल्टेरा हे गाव खरं आहे, पण सिनेमात दिसतं ते माँटेपुल्चानो.

लांडग्यांबद्दल एक, कारण जेकब आणि त्याच्या जमातीतली काही पोरं पुस्तकात लांडगे होतात. क्विल्यूट ही खरी जमात, ला पुश ही त्यांची खरी वस्ती आणि आपले पूर्वज लांडग्यांपासून झाले ही त्यांची स्वतःची कथा. व्हॅम्पायरशी लढणारी टोळी तेवढी लेखिकेची. म्हणजे जवळच्या मातीतलं उचलायचं आणि पुढे रचायचं.

मग आपला मुंजा काय वाईट होता? मुंज झालेला, पण सोडमुंज व्हायच्या आत गेलेला पोरगा, पिंपळावर वस्ती. भुताचं वय आयतंच किशोरवयीन. २०२४ मध्ये हिंदी सिनेमाने त्याला उचललं, आणि आपण मराठीत अजून ‘वाचनसंस्कृती’वर परिसंवाद भरवतोय.

भाचीला मी कथानक सांगूनही टाकलं. पहिल्या भागात मुंजा पिंपळावर. दुसऱ्या भागात रस्तारुंदीकरणात पिंपळच जातो. ती म्हणाली, “मग तो राहणार कुठे, आपल्या पार्किंगमध्ये?” मी म्हटलं, चालेल की, पण सोसायटीची कमिटी आधी भाडेकरार आणि पोलीस व्हेरिफिकेशन मागेल.