ॲनिमेच्या आधीची आठ वर्षं कुठे गेली?
'इनिशियल डी आणि त्यावरचे मीम्स नसते तर युरोबीट केव्हाच विस्मरणात गेलं असतं' हे युरोबीटवरच्या (म्हणजे इटलीत बनणाऱ्या, जपानमध्ये गाजलेल्या वेगवान नाच-संगीतावरच्या) तुमच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. इनिशियल डी ही गाड्यांच्या शर्यतींवरची ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) मालिका आली 1998 मध्ये. एव्हेक्स या जपानी संगीत कंपनीची 'सुपर युरोबीट' ही संकलनांची मालिका 1990 पासूनच चालू होती, आणि पुढे ती अडीचशे भागांपर्यंत गेली. टोकियोच्या डिस्कोंमध्ये पारापारा नाचणारी पोरं काही गाड्यांची ड्रिफ्टिंग (घसरवत वळणं घेणं) बघून तिथे येत नव्हती. पाय जेमतेम डावी-उजवीकडे, सगळा नाच हातांचा, आणि प्रत्येक गाण्याच्या ठरलेल्या हालचाली पाठ! त्या तयार श्रोत्यांमुळेच ॲनिमेला हे संगीत घ्यावंसं वाटलं असणार.

दुसरं म्हणजे, गाणी टिकली ती त्यांच्या बांधणीमुळे, हे लेखात आलंच नाही. सुरुवातीलाच सिंथेसायझरची धून, मग कडवं, बऱ्याचदा मध्येच पट्टी बदलते, ध्रुवपद होतं आणि पुन्हा तीच धून दुप्पट जोशात. ताल मिनिटाला दीडशे ठोक्यांच्या आसपास असूनही चाल गुणगुणता येते. मी भांडी घासताना हेच लावतो, घरचे वैतागतात. इंग्रजी शब्दांना अर्थ यथातथाच (लिहिणारे बहुतेक इटालियन!), पण गळे अस्सल. इटालियन गायिका एलेना फेरेट्टी कधी 'सोफी', कधी 'रोझ' अशा नावांनी गायची. तिच्यावर एक ओळ तरी हवी होती.