सर, एक प्रत द्या की!

चार वर्षं घासून कादंबरी लिहिली. तीनदा हातानं उतरवून काढली. आणि आता परभणीच्या बाजारात मेथीची जुडी निवडायलो तर कोणीतरी स्कूटी थांबवून विचारणार, "सर, नवीन पुस्तक आलंय म्हणे! एक प्रत द्या की. सही करून बरं का."

द्या काय द्या? किराणा दुकानात कधी म्हणता का, यंदा तूरडाळ चांगली आलीय म्हणे, किलोभर द्या की?

हिशोबच ऐका. आवृत्ती 500 ची. किंमत 350 रुपये. मानधन दहा टक्के, म्हणजे प्रतीमागे 35 रुपये. तेही विकली तर, आणि वर्षानं. लेखकाला फुकट मिळाल्या दहा प्रती, त्या सासुरवाडीतच संपल्या. अकराव्या प्रतीपासून मीच सवलतीत 210 ला घ्यायलो. म्हणजे एक 'भेट' दिली की सहा प्रतींची कमाई गेली!

2022 ला उदगीरला साहित्य संमेलन झालं. तिथं स्टॉलवर एका ओळखीच्या गृहस्थानं माझ्यादेखत माझं पुस्तक उचललं, किंमत बघितली, खाली ठेवलं. "घरचेच लेखक आहेत, मागून घेऊ." मग बाहेर येऊन सहा जणांना उसाचा रस पाजला. मला धरून.

परवा रद्दीवाल्याकडं माझीच एक प्रत दिसली, 'स्नेहपूर्वक' आणि सहीसकट. वीस रुपयांना घेतली. पुढं जो कोणी "द्या की" म्हणेल त्याला तीच देणार. आधीचं नाव न खोडता.