परीक्षेत एक आणि प्रार्थनेत दुसरं?

“टीचर, पेपरात डार्विन लिहायचा आणि इथे आदाम म्हणायचं, असंच ना?”

गेल्या रविवारी संडे स्कूल सुटताना दहावीतल्या एका मुलानं मला हे विचारलं. तोंडावर खोडसाळपणा नव्हता. कुठे काय बोललं म्हणजे मार्क जाणार नाहीत आणि घरी बोलणीही बसणार नाहीत, एवढंच त्याला पक्कं करून घ्यायचं होतं. दहावीच्या विज्ञान भाग २ चा पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ आहे. पुढच्या वर्षी त्याचं दृढीकरण आहे, म्हणजे आपला विश्वास स्वतःच्या तोंडानं कबूल करण्याचा विधी. तेव्हा मंडळीसमोर उभं राहून तो ‘आकाश व पृथ्वी यांचा उत्पन्नकर्ता’ म्हणणार आहे.

मी त्याला धड हो म्हणाले नाही, धड नाही म्हणाले नाही. उपासनेची वेळ झाली होती, चला चला म्हणत सगळ्यांना आत पाठवलं. त्या टाळाटाळीची टोचणी आठवडाभर लागून राहिली आहे. बावीस वर्षं मी नाशिकमध्ये नववी-दहावीला विज्ञान शिकवते आहे आणि त्यातली चौदा वर्षं रविवारी शरणपूरच्या चर्चमध्ये मुलांना पवित्र शास्त्रातलं उत्पत्तीचं पुस्तकही शिकवते आहे, ज्यात देव सहा दिवसांत सृष्टी आणि पहिला माणूस आदाम घडवतो. त्यानं हा प्रश्न माझ्याकडे नाही तर कोणाकडे न्यायचा? म्हणून आज सविस्तर लिहिते. मंडळीतल्या आईवडिलांनी शेवटपर्यंत वाचावं, एवढी विनंती.

मी स्वतः ह्यातून गेले आहे. बारावीला जीवशास्त्राच्या पेपरात नैसर्गिक निवडीवर प्रश्न आला. उत्तर मला चांगलं येत होतं, मी लिहिलं. त्या रात्री पलंगाशी गुडघे टेकून मी देवाकडे त्याची क्षमा मागितली. कॉपी केली नव्हती, कोणाचं वाईट चिंतलं नव्हतं. खरं वाटलं ते लिहिलं म्हणून क्षमा मागितली. आज माझ्या वर्गातली एखादी मुलगी तशी गुडघ्यावर बसली असेल तर तो दोष तिचा नाही, आम्हा शिकवणाऱ्यांचा आहे.

मागे एका उपवास-प्रार्थनेत बाहेरगावाहून आलेले एक वक्ते म्हणाले, उत्क्रांती ही सैतानाची फसवणूक आहे, मुलांनी मार्कांपुरतं पाठ करावं, मनात घेऊ नये. लोकांनी ‘आमेन’ म्हटलं. मी गप्प बसले. त्यांच्या पहिल्या वाक्यापेक्षा दुसऱ्यानं मला जास्त त्रास झाला. जे तुम्हाला खोटं वाटतं ते मुलांना उत्तरपत्रिकेवर सही-शिक्क्यानिशी लिहायला सांगता? मग खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा कुठे गेली?

आता मूळ मुद्दा. आपल्या मंडळीत कोणाकडे बाळ होणार असलं की आपण १३९ वं स्तोत्र वाचतो. देवानं मला आईच्या उदरात घडवलं, असं दावीद म्हणतो. तेच घर दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीला जातं. डॉक्टर सांगतात, ठोके ऐकू येतायत, पाठीचा कणा नीट आहे. एका पेशीच्या दोन होतात, दोनाच्या चार, नऊ महिन्यांत बाळ तयार होतं. हे सगळं आपण जाणतो, आणि तरी बाप्तिस्म्याच्या दिवशी ‘देवानं दिलं’ म्हणताना कोणाची जीभ अडखळत नाही. पेशी विभागतात म्हणून देवानं घडवलं नाही, असं आपल्या एकाही आजीनं कधी म्हटलेलं नाही. एका बाळाच्या बाबतीत आपल्याला जे इतकं सहज कळतं, ते सगळ्या सजीवांच्या बाबतीत आलं की आपण का घाबरतो? नऊ महिने चालतात, मग काही अब्ज वर्षं का चालू नयेत?

माझी भीती घालवली ती पुस्तकांनी नंतर, आधी पप्पांनी. पप्पा इगतपुरीला रेल्वेत होते. मुंबईहून वर येताना कसाऱ्याला गाडीला घाट चढवायला मागून ढकलणारं बँकर इंजिन लागायचं, तेवढा वेळ गाडी उभी राहायची. पप्पा खिडकीतून डोंगर दाखवायचे. पायऱ्या पायऱ्यांचे डोंगर, एकावर एक थर. प्रत्येक थर म्हणजे लाव्ह्याचा एकेक लोंढा. आपल्या भागातला सह्याद्री असाच, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ओतला गेलेला. भूवैज्ञानिक त्याला डेक्कन ट्रॅप म्हणतात, त्यातला ‘ट्रॅप’ हा शब्दच पायरीसाठीच्या स्वीडिश शब्दावरून आला. ब्रह्मगिरी, अंजनेरी, पांडवलेणी ज्यात कोरली तो डोंगर, सगळे ह्याच दगडाचे.

पण पप्पा बोट दाखवायचे ते काळ्या दगडाकडे नाही, दोन काळ्या थरांमधल्या लाल पट्ट्याकडे. रेल्वेतल्या माणसांना तो पट्टा चांगला ठाऊक असतो, कारण पावसाळ्यात तो पाणी धरतो आणि वरचा दगड सुटून येतो. पप्पांना एका इंजिनिअर साहेबांनी समजावलं होतं की तो पट्टा म्हणजे जुनी माती. खालचा लाव्हा थंड झाला, त्यावर ऊन-पाऊस पडत राहिला, दगड झिजून माती झाली, आणि मग पुन्हा लाव्हा येऊन ती माती विटेसारखी भाजली. नुसत्या एका दगडाची माती व्हायला किती काळ लागतो! असे पट्टे एकाखाली एक. मी नववीत होते तेव्हा त्यांना विचारलं, “पण पप्पा, सहा दिवस?” ते म्हणाले, “त्यानं सहा दिवसांत केलं असतं तरी माझी हरकत नव्हती. पण त्यानं वेळ घेतलाय हे दगडावर दिसतंय. त्याच्याच हातचं लिहिलेलं मी खोटं कसं म्हणू?” पप्पा मॅट्रिक होते. आयुष्यभर पहाटे पाचला उठून पवित्र शास्त्र वाचलं त्यांनी.

पृथ्वी सहा हजार वर्षांची, हा आकडा पवित्र शास्त्रात कुठेही लिहिलेला नाही. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० मध्ये वंशावळ्यांची बेरीज करून सृष्टीचा प्रारंभ इसवी सनापूर्वी ४००४ मध्ये धरला, तिथून हे रूढ झालं. आणि त्यांच्या हजारावर वर्षं आधी संत ऑगस्टीन उत्पत्तीवर लिहिताना सांगून गेले होते की हे दिवस आपल्या नेहमीच्या दिवसांसारखे मानता येत नाहीत. सूर्य तर चौथ्या दिवशी येतो, मग पहिल्या तीन दिवसांची सकाळ-संध्याकाळ कशी मोजायची? त्यांनी आणखी एक बजावलं होतं: आकाश-पृथ्वीबद्दल बाहेरच्या माणसाला जे नीट माहीत आहे त्याबद्दल ख्रिस्ती माणसानं शास्त्राचा हवाला देऊन चुकीचं बोलू नये, नाहीतर तो पुनरुत्थानाबद्दलही आपलं ऐकणार नाही. तेव्हा डार्विन जन्माला यायला चौदाशे वर्षं होती.

आणि उत्पत्तीचा पहिला अध्याय एकदा सावकाश वाचा. वनस्पती आणि प्राणी येतात तिथे देव पृथ्वीला सांगतो, तू उपजव. काम मातीवर सोपवलेलं आहे. हे वाक्य मी पंचवीस वेळा शिकवलं असेल, पण ते डोळ्यांत भरलं एकदा द्राक्षबागेत. माझ्या मोठ्या दिरांची दिंडोरी तालुक्यात बाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की डावणी हा बुरशीचा रोग येतो. दीर सांगत होते, एकच औषध सारखं मारलं की दोन-तीन वर्षांत ते लागूच पडत नाही, म्हणून गट बदलून बदलून फवारावं लागतं. का लागू पडत नाही? बुरशीत लाखात एखादी मुळातच वेगळी असते, ती औषधातून वाचते, बाकीच्या मरतात, मग पुढे सगळी पैदास तिचीच. ही नैसर्गिक निवड. आपल्या जिल्ह्यातला प्रत्येक बागाईतदार ती ओळखून फवारणीचं वेळापत्रक लावतो. सोनाका, तास-ए-गणेश ह्या द्राक्षाच्या जातीसुद्धा थॉमसन जातीच्या बागेत वेगळे मणी दिसले तेव्हा ते हेरून वाढवलेल्या. सजीव बदलतात हे आपल्या हातावरचं काम आहे, सैतानाची बातमी नाही.

मुलांना मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम शिकवतो, वाटाण्याचे तक्ते घोटून घेतो. मेंडेल मठात राहणारे ख्रिस्ती धर्मगुरू होते, १८६६ मध्ये त्यांचा निबंध छापून आला, हे सांगायला किती वेळ लागतो? महास्फोटाच्या सिद्धांताचा पाया घालणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक फादर. १९२७ मध्ये त्यांनी विश्व प्रसरण पावतंय असं गणितानं मांडलं. पण त्यांचं नाव घेऊन ‘बघा, बिग बँगनं देव सिद्ध झाला’ असं म्हणणाऱ्यांनाही मी थांबवते. १९५१ मध्ये खुद्द पोप बारावे पायस त्या दिशेनं बोलले तेव्हा लमेत्र अस्वस्थ झाले होते. आपला सिद्धांत देव मानणाऱ्याला आणि न मानणाऱ्याला सारखाच मोकळा आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. उद्या गणित बदललं तर काय, श्रद्धाही बदलायची?

स्टाफरूममध्ये मला उलट बाजूनं विचारतात, विज्ञान शिकवता आणि चर्चला कशा जाता? मी सांगते, विज्ञान जे मोजतं त्या वस्तूंपैकी देव एक आहे असं आम्ही कधी म्हटलेलं नाही.

अवघड जागा माणसाची आहे, हे मी लपवणार नाही. आपल्यात गुणसूत्रांच्या २३ जोड्या, चिंपांझीत २४. आपलं दुसऱ्या क्रमांकाचं गुणसूत्र म्हणजे पूर्वीची दोन टोकाला टोक जुळून झालेलं, आणि एरवी टोकाला असणारा डीएनएचा तुकडा त्यात मधोमध सापडतो, दोरीला दिलेल्या गाठीसारखा. हे शिकवताना मुली एकमेकींकडे बघतात. त्यांना मी सांगते, उत्पत्तीनं तर आपल्याला थेट मातीपासूनच घडवलंय. आदाम हा शब्दच हिब्रूत मातीच्या शब्दाशी जोडलेला आहे. देवानं माणूस आपल्या प्रतिरूपाचा केला असं उत्पत्ती म्हणते, पण ते प्रतिरूप हाडांत किंवा गुणसूत्रांत शोधायचं नसतं. देवानं हाक मारली तर जो ओ देऊ शकतो आणि जो लपूनही बसू शकतो, त्या प्राण्याबद्दल ते वचन बोललंय.

आणि मरण. आदामाच्या आधी कोट्यवधी वर्षं जीव मरत होते, खाल्ले जात होते. १०४ वं स्तोत्र म्हणतं की सिंहाचे छावे भक्ष्यासाठी गर्जना करून देवाजवळ अन्न मागतात. उसात बिबट्यानं शेळी नेली की आपल्याला ते स्तोत्र आठवत नाही. पेशी स्वतःची नक्कल काढताना चुकतात, त्या चुकांतून नवे गुण येतात. त्याच चुकांमधून माझ्या आईचा कॅन्सर आला. हा धडा घेताना दरवर्षी माझा आवाज एका जागी बसतो. त्याचं गणित मला कोणी सोडवून देऊ नये. माझ्याकडे तिथे फक्त वधस्तंभ आहे, जिथे उत्पन्नकर्ता स्वतः ह्या मरणाऱ्या शरीरात उतरला. आईच्या खाटेशी मी तेवढंच धरून बसले होते.

पाळक साहेबांशी बोलले आहे, त्यांनी परवानगी दिली आहे. दिवाळीच्या सुट्टीत नववी-दहावीच्या मुलांना रेल्वेनं नाशिकरोडहून कसाऱ्यापर्यंत नेणार आहे, परतीच्या गाडीनं संध्याकाळपर्यंत घरी. ज्यांना पाठवायचं आहे त्यांनी मला रविवारी उपासनेनंतर भेटा. डबा, पाण्याची बाटली, विज्ञान भाग २ आणि पवित्र शास्त्र बरोबर द्या. ज्यानं प्रश्न विचारला त्याला मी आधीच कळवलंय, खिडकीची जागा त्याची.