‘गेममधल्या नवऱ्याचा खून’: त्या बाईंना अटक नेमकी कशासाठी झाली?

जपानमधील एका पियानो शिक्षिकेची गोष्ट 2008 पासून जगभर फिरते आहे आणि अधूनमधून नव्या चित्रासह, नव्या उद्गारचिन्हांसह ती कुटुंबाच्या ग्रुपवरही येऊन पडते. मराठीत फिरणाऱ्या मजकुराचा सारांश असा : एका जपानी बाईने ऑनलाइन गेममध्ये लग्न केले, गेममधल्या नवऱ्याने सोडल्यावर तिने त्याचा गेममध्येच ‘खून’ केला, त्या खुनासाठी तिला पकडून एक हजार किलोमीटर दूर नेले आणि पाच वर्षे तुरुंगात टाकले, म्हणजे जपानमध्ये गेममधले लग्नसुद्धा कायद्याला मान्य आहे, आणि आपल्याकडे मात्र असले काही होणे नाही, कारण गेममधली वस्तू म्हणजे शेवटी हवा. गोष्टीचा गाभा खरा आहे, म्हणूनच तिच्यावर चढवलेले थर एकेक करून उतरवावे लागतात.

आधी काय घडले ते पाहू. गेमचे नाव मेपलस्टोरी. खेळणारा त्यात स्वतःचे एक पात्र उभे करतो, राक्षसांशी लढून ते वाढवतो आणि हवे तर दुसऱ्या खेळाडूच्या पात्राशी त्याचे लग्नही लावतो. दक्षिणेकडील मियाझाकी येथे राहणाऱ्या 43 वर्षांच्या बाई आणि उत्तरेकडील सापोरो येथे नोकरी करणारा 33 वर्षांचा पुरुष यांच्या पात्रांचे असे लग्न झाले होते. संसार सुरळीत चालू असताना त्याचा आयडी आणि पासवर्ड बाईंना कळला होता. पुढे त्याने काही न सांगता गेममध्ये घटस्फोट घेतला. मे 2008 मध्ये बाईंनी त्याच्या आयडीने लॉगिन करून त्याचे पात्र पुसून टाकले. त्याने ते पाहून पोलिसांत तक्रार दिली आणि ऑक्टोबरमध्ये बाईंना अटक झाली. एका शब्दाचीही कल्पना न देता आपल्याला सोडले, त्याचा संताप आला, अशा आशयाची कबुली त्यांनी पोलिसांना दिली. प्रत्यक्षात त्या माणसाला इजा करण्याचा त्यांचा कोणताही बेत नव्हता, हेही पोलिसांनीच सांगितले होते.

आता ‘खून’ हा शब्द. गेममध्ये मारणे हा गुन्हा असता तर जगातील निम्मी मुले संध्याकाळी सातनंतर कोठडीत बसली असती. बाईंनी गेमच्या नियमांत राहून, गेममधल्याच तलवारीने त्या पात्राला लोळवले असते, तर ते पात्र नेहमीप्रमाणे पुन्हा उभे राहिले असते आणि सापोरोच्या कोणत्याही पोलीस ठाण्याने तक्रार लिहून घेतली नसती. त्यांनी केले ते वेगळेच. त्या आपल्या घरी संगणकापुढे बसल्या, लॉगिनच्या चौकटीत दुसऱ्याचे नाव लिहिले, खालच्या चौकटीत दुसऱ्याचा पासवर्ड लिहिला आणि पलीकडच्या संगणकाने त्यांना तो माणूस समजून दार उघडले. गेम सुरू होतो तो त्या चौकटीनंतर, आणि जपानचा 1999 चा अनधिकृत संगणक-प्रवेशविरोधी कायदा लागू होतो तो त्या चौकटीपाशी. पुढे पात्र पुसले नसते, नुसते आत डोकावून त्या परत फिरल्या असत्या, तरी प्रवेशाचा गुन्हा पूर्ण झालाच असता. त्यांच्यावरचा संशय अनधिकृत प्रवेश आणि इलेक्ट्रॉनिक माहितीतील फेरफार असा होता. ‘खून’ वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतून आला, आणि इतका चटकदार शब्द हाती लागल्यावर तो सोडवणार कुणाला?

‘पण पासवर्ड त्यानेच कळू दिला होता ना?’ हा प्रतिप्रश्न मी पुष्कळांकडून ऐकला आहे. माझ्या भाच्याने तर तो विचारलाही नाही. त्याच्या गिल्डमधल्या, म्हणजे गेममध्ये एकत्र खेळणाऱ्या गटातल्या, तिघांकडे त्याचा पासवर्ड आहे आणि त्यात काही वावगे आहे असे त्याला वाटतच नाही. गावाला जाताना आपण झाडांना पाणी घालण्यासाठी शेजारच्या काकूंकडे किल्ली ठेवतो. त्या किल्लीने कपाट रिकामे केले तर ‘किल्ली तुम्हीच दिली होती’ हा बचाव चालत नाही. परवानगी कामापुरती असते आणि संबंध तुटल्यावर ती संपते. गेममधल्या जोडप्यांत पासवर्डची देवाणघेवाण हे विश्वासाचे लक्षण मानले जाते. त्यामुळे असल्या प्रकरणांत आत शिरणारा बहुधा अनोळखी हॅकर नसतो, कालपर्यंतचा जवळचा माणूस असतो.

पाच वर्षांच्या शिक्षेचे उत्तर थोडक्यात देता येते. बातमी आली तेव्हा त्यांच्यावर औपचारिक आरोपही ठेवलेला नव्हता. दोषी ठरल्यास जास्तीत जास्त पाच वर्षे कैद किंवा पाच हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, असे बातमीत म्हटले होते. फॉरवर्डच्या प्रवासात ‘होऊ शकतो’ गळाले आणि ‘झाला’ उरले. जपानमध्ये अटकेनंतर आरोप ठेवण्यापूर्वी 23 दिवसांपर्यंत कोठडी देता येते, तेव्हा तिथेही अटकेचा अर्थ शिक्षा असा होत नाही.

गेममधले लग्न कायद्याने मान्य असल्याचा दावा सरळ चुकीचा आहे. त्या माणसाने घटस्फोटानंतर पोटगी मागितली नव्हती की बाईंनी नांदायला येण्याचा दावा लावला नव्हता. पोलिसांच्या लेखी ते दोघे पती-पत्नी नव्हतेच. नात्याचा उपयोग हेतू कळण्यापुरता झाला. त्याच वर्षी, नोव्हेंबर 2008 मध्ये, इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यातील एका जोडप्याच्या घटस्फोटाची बातमी गाजली होती आणि ती या दाव्याच्या पुष्ट्यर्थ हमखास पुढे केली जाते. नवऱ्याचे पात्र सेकंड लाइफ या आभासी जगात दुसऱ्या स्त्री-पात्राबरोबर सापडले म्हणून बायकोने घटस्फोट मागितला, हे खरे. मात्र त्या दोघांनी 2005 मध्ये प्रत्यक्षातही लग्न केले होते आणि मोडले गेले ते लग्न. कारण म्हणून नोंदले गेले ते नवऱ्याचे गैरवाजवी वर्तन. आपल्याकडे हिंदू विवाह कायद्यानुसार अशा प्रसंगी व्यभिचाराचा आधार घेता येणार नाही, कारण त्यासाठी प्रत्यक्ष शरीरसंबंध लागतो. पण जोडीदार रात्र-रात्र दुसऱ्याच कुणाशी गेममध्ये संसार थाटून बसला असेल, तर मानसिक क्रूरतेचा मुद्दा कौटुंबिक न्यायालयात मांडता येईल. तो टिकेल की नाही हे पुराव्यावर अवलंबून राहील.

‘आपल्याकडे असले काही होत नाही’ हे वाचून मला 2023 चा जुलै आठवतो. पबजी खेळताना ओळख झालेल्या माणसासाठी एक पाकिस्तानी महिला चार मुलांना घेऊन नेपाळमार्गे ग्रेटर नोएडाला आली, दोघांनाही अटक झाली आणि काही दिवसांत जामीनही मिळाला. तेव्हाही ‘गेममधल्या प्रेमासाठी तुरुंगवारी’ अशाच थाटात चर्चा झाली. आरोप मात्र तिच्यावर व्हिसाशिवाय देशात येण्याचा आणि त्याच्यावर तिला आसरा देण्याचा होता. ओळख लग्नाच्या वऱ्हाडात झाली असती तरी तोच आरोप लागला असता. जपान असो की नोएडा, गेममध्ये जमलेल्या नात्यापायी माणूस बाहेर काय करतो, यावर कायद्याचे लक्ष असते.

मियाझाकीतल्या बाईंचे कृत्य उद्या इथे कुणी केले तर? माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 चे कलम 43 परवानगीविना संगणक-यंत्रणेत शिरणे, त्यातली माहिती पुसणे किंवा बदलणे यासाठी भरपाईची तरतूद करते. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केले असेल तर कलम 66 खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्याचा पासवर्ड तशाच हेतूने वापरल्यास कलम 66 क आहे : तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. हे गुन्हे दखलपात्र आहेत, म्हणजे पोलीस वॉरंटविना अटक करू शकतात, पण ते जामीनपात्रही आहेत. भरपाईसाठी तर फौजदारी खटल्याचीही गरज नाही. पाच कोटी रुपयांपर्यंतच्या दाव्यांसाठी प्रत्येक राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाच्या सचिवांना न्यायनिर्णय अधिकारी नेमलेले आहे, म्हणजे महाराष्ट्रातल्या माणसाने मंत्रालयाकडे अर्ज करायचा. हा रस्ता फार थोड्यांना ठाऊक आहे.

इथे फॉरवर्ड लिहिणाऱ्याचे एक म्हणणे मान्य करावे लागेल. ‘गेममधली वस्तू म्हणजे हवा’ हे त्याचे वाक्य दिसते तितके पोकळ नाही. अप्रामाणिकपणाची कायदेशीर व्याख्या कुणाला तरी गैरलाभ किंवा कुणाचे तरी गैरनुकसान करण्याच्या हेतूवर उभी आहे, आणि गैरनुकसान म्हणजे संपत्तीचे नुकसान. मग दोन वर्षे रात्री जागून वाढवलेले पात्र ही खेळाडूची संपत्ती आहे का? गेम कंपन्यांच्या अटी, ज्या न वाचताच आपण ‘मान्य’ दाबतो, साधारणपणे सांगतात की पात्र कंपनीचे आहे आणि खेळाडूला ते वापरण्याचा परवाना तेवढा आहे. आरोपीचा वकील नेमके तेच पान न्यायालयापुढे ठेवील.

तरीही वारे दुसऱ्या दिशेने वाहते आहे. नेदरलँड्समधील लेऊवार्डन शहरात 2007 मध्ये दोन मुलांनी 13 वर्षांच्या एका मुलाला मारहाण केली, चाकूचा धाक दाखवून त्याला रूनस्केप या गेममध्ये लॉगिन करायला लावले आणि त्याचा ताईत व मुखवटा आपल्या खात्यावर घेतला. वस्तू आभासी आहेत, म्हणून चोरी झालीच नाही, हा बचाव थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 31 जानेवारी 2012 रोजी फेटाळला गेला. त्या मुलाने या वस्तू मिळवण्यासाठी वेळ आणि कष्ट घातले होते, त्याच्या लेखी त्यांना मोल होते आणि त्या त्याच्या एकट्याच्या ताब्यात होत्या, एवढे न्यायालयाला पुरले. आपल्याकडे चोरी ठरते ती जंगम मालमत्तेचीच, आणि जुन्या भारतीय दंड संहितेत तिच्या व्याख्येत ‘मूर्त’ वस्तूंचा उल्लेख होता. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो शब्द उरलेला नाही. एका विशेषणाच्या जाण्याने सारे काही ठरले असे मी म्हणणार नाही, पण ‘हवा’ म्हणून हात झटकणे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही.

राहता राहिले ते एक हजार किलोमीटर. हा आकडा मूळ बातमीतलाच आहे, पण नकाशा उघडून पाहिले तर मियाझाकी ते सापोरो हे सरळ रेषेतले अंतरच 1500 किलोमीटरच्या आसपास भरते. इतक्या लांब नेण्यात काही अघोरीपणा होता असे फॉरवर्ड सुचवते. कारण एवढेच की तक्रार जिथे नोंदली गेली तिथल्या पोलिसांकडे तपास होता. आपल्याकडेही गडचिरोलीच्या मुलाचे खाते कुणी पणजीत बसून पुसले तर तो गडचिरोलीतच फिर्याद देऊ शकतो. गुन्हा कुठेही घडलेला असो, ‘आमच्या हद्दीत येत नाही’ म्हणून त्याला परत पाठवण्याची सोय आता नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम 173 ने पोलीस ठाण्याला ठेवलेली नाही, आणि त्या फिर्यादीचा तपास निरीक्षक दर्जाच्या किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानेच करायचा आहे.