मोर्चा का अधिवेशन?

मेहुण्याने गाडी विकली आणि शिक्षा मला झाली.

तो ठाण्याला असतो. पार्किंगवरून सोसायटीशी दोन वर्षं भांडला आणि शेवटी गाडीच काढून टाकली. नव्यानेच माळ घातलेला माणूस जसा दुसऱ्याच्या ताटातल्या कांद्याकडे पाहतो, तसा तो आता जगाच्या वाहनांकडे पाहतो. ऑक्टोबरात त्याचा फोन आला.

"भाऊजी, डिसेंबरात नागपूरला येतोय. आई, आम्ही दोघं आणि पोरं. चार दिवस. टॅक्सी नाही, ऑटो नाही. मेट्रो आणि आपले पाय."

"या ना. घर आहे."

"घरात टाइल्सचं काम चाललंय म्हणाली ताई. हॉटेल बघा. मेट्रो स्टेशनपासून पाचशे पावलांच्या आत, पाच जणांना एक खोली, दोन हजारांच्या आत. आणि फोनवर फोटो पाहून ठरवू नका, स्वतः जाऊन बघा. फोटोत सगळ्याच चादरी पांढऱ्या असतात."

आता, नागपुरात घरचा पाहुणा हॉटेलात उतरवणं ही साधी गोष्ट नाही. आमच्याकडे लग्नाला आलेली चाळीस माणसं गच्चीवर ओळीने झोपल्याचा इतिहास आहे. पण या वेळी खरोखरच इलाज नव्हता. दोनपैकी एक संडास फोडलेला होता आणि दुसऱ्यात सिमेंटच्या गोण्या होत्या. सासूबाईंनी ठाण्याहून कळवलं की लेकीच्या गावी जाऊन लॉजवर राहायचं म्हटल्यापासून अन्न गोड लागत नाही. त्या मधुमेही आहेत, तेव्हा त्यांना ते तसं लागू नये हे उत्तमच, पण मी बोललो नाही.

खरी अडचण निराळी होती. बावन्न वर्षं मी या शहरात राहतोय आणि इथल्या एकाही हॉटेलची खोली मी आतून पाहिलेली नव्हती. पाहणार कशी? स्वतःच्या गावात हॉटेलची खोली आतून पाहिलेला माणूस म्हटलं की आपणच भुवया उंचावतो.

शोधाला डिसेंबर उजाडला. पहिल्या दिवशी स्कूटीवर निघालो. सीताबर्डीच्या सिग्नलला मेहुण्याचा फोन आला आणि मागच्या बसने नेमका हॉर्न दिला. "भाऊजी, तुम्ही गाडीवर?" त्याच्या आवाजात दुःख होतं. "तुम्हीच गाडीने फिरलात तर चालत किती लागतं ते कळणार कसं?" मुद्दा बरोबर होता, म्हणूनच राग आला. आम्ही नागपूरकर कोपऱ्यावरच्या पानठेल्यावरही किक मारून जातो. अंतर आम्हाला ठाऊकच नसतं. कोणी पत्ता विचारला की "हे काय, इथंच तर आहे ना बाप्पा" म्हणून आम्ही मोकळे. या 'इथंच'मध्ये दोनशे मीटरपासून कामठीपर्यंत काहीही बसतं.

दुसऱ्या दिवशी मेट्रोने गेलो. अॅक्वा लाइनवर सीताबर्डीहून पूर्वेला निघालं की कॉटन मार्केट, रेल्वे स्टेशन, दोसर वैश्य चौक, अग्रसेन चौक अशी स्टेशनं लागतात आणि सेंट्रल अव्हेन्यूच्या या पट्ट्यात लॉजना तोटा नाही. प्रत्येक स्टेशनचा जिना उतरायचा आणि पावलं मोजत लॉजच्या दारापर्यंत जायचं. मध्येच कोणी ओळखीचं भेटलं की आकडा विसरायचा आणि परत जिन्यापासून सुरू. दोसर वैश्य चौकात एका पानठेलेवाल्याने मला तिसऱ्यांदा येताना पाहिलं आणि हळूच विचारलं, "काका, काही हरवलं का?"

पहिल्या काउंटरवर खोली मागितली. मुलाने रजिस्टरमधून मान वर न काढता विचारलं,

"मोर्चा का अधिवेशन?"

"म्हणजे?"

"मोर्चावाले असाल तर हॉल आहे, खाली सतरंज्या. अधिवेशनवाले असाल तर खातं कोणतं ते सांगा."

"दोन्ही नाही. पाहुणे येतायत. सुट्टीला. फिरायला."

आता त्याने मान वर काढली. "डिसेंबरात? नागपुरात? फिरायला?"

१९५३च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात भरतं हे मी शाळेत पाठ केलं होतं. त्या कराराने विदर्भाला काय मिळालं यावर आमच्या गच्चीवर रात्र-रात्र भांडणं झालेली आहेत. लॉजवाल्यांना काय मिळालं यावर मात्र मतभेद नाहीत. मंत्री रवी भवनात आणि आमदार आमदार निवासात उतरतात हे खरं, पण त्यांच्यामागे खात्यांचे अधिकारी येतात, मग पीए, ड्रायव्हर, पत्रकार, बदलीचा अर्ज खिशात घेऊन फिरणारे आणि यशवंत स्टेडियमवरून मोर्चे काढणारे. या सगळ्यांना झोपायला खोली लागते आणि सकाळी तर्री पोहे लागतात. पोह्यांचा भाव तोच राहतो. खोलीचा राहत नाही. एरवी अठराशेची खोली त्या पंधरवड्यात साडेचार हजार. वर लग्नसराई. एका लॉजच्या मालकाने मला आपुलकीने समजावलं, "साहेब, जानेवारीत या, निम्म्यात देतो." मी म्हटलं, जानेवारीत शाळा असते पोरांची. तो म्हणाला, "मग पोरांना ठेवून या."

तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "तुमच्याकडून नाही होणार. मी येते. चादर बाईमाणसाने पाहावी लागते." तिचं बरोबर होतं. आदल्या दिवशी एक खोली मी पाहून आलो होतो आणि बाथरूम होतं की नव्हतं हे मला घरी आल्यावर आठवत नव्हतं.

दुपारी अडीचला आम्ही दोघं त्या लॉजवर पोचलो. दोसर वैश्य चौकाच्या जिन्यापासून तीनशे बारा पावलं. भिंतीला नवा रंग, काउंटरवर गणपती आणि पिवळ्या स्वेटरमधला मॅनेजर.

"रूम पाहायची होती," मी म्हटलं.

"आधार दाखवा." त्याने कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. "नागपूरचंच आहे जी हे."

"हो."

"मग रूम कायले पाहिजे?"

"पाहुण्यांसाठी."

"कुठं आहेत पाहुणे?"

"ठाण्याला."

त्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्यामागे उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. आणि अत्यंत सभ्य आवाजात म्हणाला, "साहेब, आमच्याकडे फॅमिली येते. लोकल कपलला आम्ही देत नाही."

"अहो, बायको आहे माझी ही!"

"सगळे तेच म्हणतात जी."

"चोवीस वर्षं झाली लग्नाला!"

"तेच म्हणून राहिलो ना साहेब. चोवीस वर्षं झालेले नवराबायको दुपारच्याला रूम पाहायला येत नाहीत."

यावर उत्तर नव्हतं. मला वाटलं आता बायको त्या काउंटरचं सरपण करणार. मी अर्धं पाऊल मागे सरलोसुद्धा. तिने पदर नीट केला आणि मॅनेजरला विचारलं, "मिळाली असती तर किती वाजेपर्यंत मिळाली असती?"

परत येताना मेट्रोत ती माझ्यापासून एक जागा सोडून बसली, खिडकीबाहेर पाहत हसत राहिली आणि सीताबर्डी आल्यावर म्हणाली, "चला, लोकल." पुढचा महिनाभर माझं नाव तेच होतं. भाजी आणायची असली की "लोकल, कोथिंबीर संपली." चोवीस वर्षांत तिला इतकी खूश मी एकदाच पाहिली होती, आणि तेव्हा तिच्या जावेचा फ्रिज बिघडला होता.

मेहुण्याला कळवलं, डिसेंबर विसर. त्याने त्या लॉजला स्वतःच फोन लावला. ठाण्याचं आधार असल्यामुळे त्याचं चारित्र्य चांगलं ठरलं. मॅनेजरने त्याला सांगितलं म्हणे, "मे मध्ये या ना. चौदाशेत देतो, पाचही जणं मावतील. पाहिजे तर अख्खा मजला घ्या." मेहुण्याने लगेच अ‍ॅडव्हान्स पाठवला आणि मग मला आनंदाने फोन केला. "भाऊजी, नुसती आधी योजना करायला लागते. २५ मे ते २८ मे!"

सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो तो नेमका २५ मेला. मी काही बोललो नाही. मला नागपूरच्या उन्हाबद्दल बोलायचा अधिकार नाही, असं ठाणेकरांचं मत आहे. "आमच्याकडे घाम येतो, तुमची कोरडी गरमी असते, ती चालते," असं ते म्हणतात. तंदूरचीही गरमी कोरडीच असते.

ते आले. एव्हाना आमची बाथरूमं तयार झाली होती, पण अ‍ॅडव्हान्स दिलेला होता आणि मेहुण्याला तत्त्व होतं. खोलीत एक डबलबेड, खाली तीन गाद्या आणि खिडकीला हा एवढा कूलर. कूलर सुरू केला की ओल्या गवताचा वास सुटायचा आणि खिडकीजवळच्या गादीवर तुषार उडायचे. त्या गादीवरून दोन्ही पोरांची मारामारी झाली आणि ती सासूबाई जिंकल्या.

पहिल्या दुपारी मेहुणा एकटा बाहेर पडला, टोपी घालून. तीनशे बारा पावलांपैकी नव्वद झाल्यावर त्याने मला फोन केला. "भाऊजी, रस्त्यावर कोणीच नाही. बंद आहे का आज?" मी म्हटलं, बंद नाही, बारा वाजलेत. नागपूरला मेमध्ये दुपारी दुपट्टा बांधलेली माणसं दिसतात किंवा माणसंच दिसत नाहीत. तो तसाच परत फिरला. संध्याकाळी सासूबाईंनी सगळ्यांच्या खिशात एक-एक कांदा घातला आणि तो कांदा पुढचे तीन दिवस ठाण्याच्या आधुनिक विचारांसोबत फिरत राहिला.

मग एक वेळापत्रक बसलं. पहाटे साडेपाचला निघायचं. दीक्षाभूमीचा स्तूप सकाळच्या उन्हात पाहून झाला, टेकडीच्या गणपतीला जाऊन झालं. सीताबर्डीचा किल्ला लोकांसाठी २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला उघडतो, त्यामुळे तो खालूनच पाहिला. झिरो माईलच्या खांबावर जबलपूर-हैदराबादची अंतरं कोरलेली आहेत. तिथल्या घोड्यांच्या पुतळ्यांसमोर फोटो काढल्यावर मेहुण्याने तिथून आपल्या लॉजचं अंतर विचारलं आणि माझ्या तोंडून सवयीने "इथंच" निघून गेलं. त्याने नंतर बराच वेळ माझ्याशी बोलणं टाळलं.

नऊनंतर करायचं काय, हा प्रश्न पोरांनी सोडवला. मेट्रोत एसी असतो. सीताबर्डीला ऑरेंज लाइन पकडायची, खापरीपर्यंत जायचं, तिथून ऑटोमोटिव्ह चौक, तिथून परत खापरी. वर्धा रोडवरचा डबलडेकर पूल ३.१४ किलोमीटरचा आहे आणि २०२२मध्ये त्याची गिनीज बुकात नोंद झाली, हे मी जरा छाती फुगवून सांगितलं, तर सातवीतला भाचा म्हणाला, "काका, ही गणितातल्या 'पाय'ची (π) किंमत आहे. मग गोल का नाही केला?" चार दिवसांत त्या पोरांनी नागपूर खांबांवरून इतकं पाहिलं, जितकं मी रस्त्यावरून बावन्न वर्षांत पाहिलं नाही. सासूबाईंच्या सुनेने तर परतीच्या फेरीत वाटाणे सोलले.

शेवटच्या दिवशी मी त्यांना स्टेशनवर सोडायला गेलो, अर्थात चालत. बायको घरी गाडीत द्यायच्या दशम्या करत होती आणि परस्पर स्टेशनवर येणार होती. काउंटरवर मेहुण्याने पैसे दिले. चार दिवसांचे छप्पन्नशे. त्याने विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं. मॅनेजरनेही पाहिलं. स्वेटर नव्हता, पण मी ओळखला. त्यानेही.

"या साहेबांना मी पाहिलं आहे जी," तो सासूबाईंना म्हणाला, कारण सगळ्यांत मोठ्या त्याच होत्या. "डिसेंबरात आले होते ना तुम्ही? दुपारच्याला? एक मॅडम होत्या सोबत. रूम मागून राहिले होते, पण मी नाही दिली. आपल्याकडे फॅमिली येते."

सासूबाईंच्या हातातली पिशवी खाली आली. त्यातून कांदा घरंगळत माझ्या पायाशी थांबला. सून पोरांना घेऊन पाणी प्यायला निघून गेली.

"भाऊजी?" मेहुणा म्हणाला.

"अरे, तुझी ताई होती ती!" मी फोन काढला, बायकोला लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकरवर टाकला. "अगं, सांग यांना जरा. डिसेंबरात लॉजवर माझ्यासोबत कोण होतं?"

पलीकडे तव्यावर उलथनं वाजलं. थोडा वेळ काहीच नाही. मग ती अगदी शांत, घरंदाज आवाजात म्हणाली, "डिसेंबरात? मी तर पूर्ण महिना टाइल्सवाल्याच्या मागे होती. काहून, काय झालं?"