पाकीट फाटलं म्हणून नाणी घासायला घेऊ नका

‘नाणेसंग्राहकांनो, सावधान!’ अशा मथळ्याचा मेसेज सगळीकडे फिरतोय. काल तो माझ्या मामांपर्यंत पोचला आणि लगेच फोन आला, ‘अरे, लिंबू नाहीये घरात, चिंच चालेल का?’ मामांकडे गांधी जन्मशताब्दीचा, १९६९ सालचा प्रूफ संच (संग्राहकांसाठी खास पाडलेल्या, आरशासारख्या चकचकीत नाण्यांचा) आहे आणि त्याच्या पाकिटाचा कोपरा कसरीनं खाल्लाय. मेसेज म्हणतो: पाकीट फाटलं की संच भंगार. नाणी बाहेर काढून लिंबू-मिठानं लखलखीत करा. नवं खोकं मागवून त्यात भरा, कुणाला कळत नाही. मग रिझर्व्ह बँक असे संच लाखांत विकत घेते.

भंगाराचं आधी. या संचात दहा रुपये, एक रुपया, पन्नास पैसे आणि वीस पैसे अशी चार नाणी असतात. दहाचं नाणं १५ ग्रॅमचं, त्यात ८० टक्के चांदी, म्हणजे शुद्ध चांदी १२ ग्रॅम. कसर कागद खाते, चांदी खात नाही. नाणी म्हणून किंमत सोडा, सराफानं हे एकच नाणं नुसतं वजनावर घेतलं तरी संच भंगाराच्या कितीतरी वर जाईल.

आता ते लिंबू-मीठ. हे ज्यानं लिहिलं त्यानं प्रूफ नाणं हातात घेतलेलं नाही, हे मी पैजेवर सांगतो. प्रूफ नाणं पाडताना साचाही पॉलिश केलेला असतो आणि कोरी चकतीही, आणि ठसा एकाहून जास्त वेळा मारतात. त्यातून मोकळ्या जागेला जी आरशाची झाक येते, तिचेच तर पैसे. लिंबाचं आम्ल ती झाक मारतं आणि मिठाचे कण चरे पाडतात. पुसताना मऊ फडकं वापरलं तरी काम बिघडतं. खात्री करायची असेल तर घासलेलं नाणं टेबलावरच्या दिव्याखाली तिरकं धरून हळूहळू फिरवा. केसाहून बारीक रेषांचं जाळं उजेडाबरोबर सरकताना दिसेल. जाणकार व्यापारी भाव बोलण्याआधी नेमकं हेच बघतो. हे चरे पुन्हा बुजत नाहीत.

अमेरिकेतल्या एनजीसी आणि पीसीजीएस या प्रतवारी संस्थांचा दाखला जगभर चालतो. त्या ७० पैकी गुण देतात ते नाण्याला. खोक्याला गुणच नाहीत. आणि नाणं चुकीच्या पद्धतीनं साफ केलेलं आढळलं तर एनजीसी त्याला आकडा न देता ‘डिटेल्स’ असा शेरा मारते. हा शेरा बसला की भाव कोसळला म्हणून समजा. म्हणजे कसरीनं जे नुकसान केलं नाही, ते मामा चिंच घेऊन करायला निघाले होते.

चांदीवर कडेनं चढलेली पिवळट-तांबूस छटा ही हवेतल्या आणि पुठ्ठ्यातल्या गंधकाची करणी. ती राहू द्या, काही ग्राहक तिच्यासाठी जास्त मोजतात. खरी काळजी करायची ती हिरव्या चिकट थराची. मऊ पीव्हीसीच्या पिशवीत नाणी वर्षानुवर्षं पडून राहिली की प्लास्टिकमधली द्रव्यं सुटतात आणि तो थर धातू खायला लागतो. असं काही दिसलं तर घरी प्रयोग न करता जाणकाराला दाखवा. पाकीट फाटलंय म्हणून बाजारातल्या त्याच मऊ पिशव्या आणून नाणी त्यात कोंबू नका, एवढं तरी ऐका.

नव्या खोक्याबद्दल जास्त काय बोलायचं? दुसऱ्या संचाचं खोकं लावून ‘मूळ पॅकिंग’ म्हणून विकणं ही सरळ फसवणूक आहे. फाटक्या पाकिटाचा फोटो काढून आहे तसं सांगा, ग्राहक पळून जात नाही.

बरं, मेसेजमधलं पाकिटाचं म्हणणं अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. ज्या संचात चालू व्यवहारातलीच स्टेनलेस स्टीलची नाणी आहेत, त्यात धातूची किंमत नगण्य. तिथे लोक पैसे देतात ते टांकसाळीच्या फोल्डरचे, प्रमाणपत्राचे आणि न उघडलेल्या सीलचे. फोल्डर गेला की ती सुटी नाणी संचातलीच आहेत हे सिद्ध करणार कसं? तिथे भाव पडतो, चांगलाच पडतो. चांदीच्या संचालाही पाकीट फाटल्याचा थोडा फटका बसतोच. पण भाव कमी होणं वेगळं आणि भंगार होणं वेगळं.

राहिली रिझर्व्ह बँक. ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेनं स्वतःच पत्रक काढून सांगितलंय की जुन्या नोटा आणि नाण्यांच्या खरेदी-विक्रीत ती पडत नाही, त्यासाठी कसलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि तसं करायचा अधिकार तिनं कुणाला दिलेलाही नाही. तेव्हा ‘आधी नोंदणीचे पैसे भरा’ म्हणून कुणाचा फोन आला तर बोलत बसू नका. ठेवून द्या.