वडिलांचं कर्ज आपोआप मुलावर चढत नाही

नाशिकच्या सातपूर-अंबडकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘मुलगा 18 वर्षांचा झाला की बापाचं कर्ज त्याच्यावर येतं. वाचायचं असेल तर रेशनकार्डातून नाव कमी करून वेगळं राहा.’ दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

मुळात कर्ज सही करणाऱ्याचं. बापाचं देणं फेडणं हे मुलाचं धर्मकर्तव्य, एवढ्याच आधारावर 9 सप्टेंबर 2005 नंतरच्या कर्जासाठी मुलावर दावा चालत नाही. हिंदू वारसा कायद्याच्या कलम 6 मध्येच तसं लिहिलंय. वडिलांच्या पश्चात वारशात जे हाती आलं, तेवढ्यापुरतीच देणी येतात.

खरी भीती सहीची. ‘नुसती साक्षीदाराची सही आहे रे’ म्हणत कागद पुढे सरकवतात आणि रकान्यावर बारीक अक्षरात छापलेलं असतं ‘जामीनदार’. करार कायद्याच्या कलम 128 नुसार, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदार कर्जदाराइतकाच बांधील. मग सिडकोत खोली घ्या नाहीतर पुण्याला जा, नोटीस येणारच.

रेशनकार्डाचा याच्याशी काडीचा संबंध नाही. उलट प्राधान्य कार्डावर माणशी 5 किलो धान्य मिळतं, नाव काढलं की घरचं तेवढं कमी. आणि स्वतःचा खर्च भागवू न शकणाऱ्या आईवडिलांना सांभाळण्याची जबाबदारी 2007 च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या कायद्याने वेगळं राहूनही उरतेच.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका; पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका. सही आधीच झाली असेल तर कागदाची प्रत घेऊन नाशिक जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. पात्र असाल तर वकील मोफत मिळतो.